सदतीस नंबरची कांडी

रबाळ्याला, एमआयडीसीत, पत्र्याच्या शेडमागं
आमची स्वच्छ खोली.
चपला बाहेर, केस टोपीत, बोलणं निम्मं.
शेजारी बेकरी. मध्यरात्री पाव भाजल्याचा वास
धूळ अडवणाऱ्या गाळण्यांना न जुमानता आत येतो.

चौसष्ट कांड्या प्लास्टिकच्या, करंगळीएवढ्या जाड,
आठ रांगांत आठ.
एकेकीला चंदेरी कागद गुंडाळला गोठिवलीच्या कुंदा मढवीनं,
तान्ह्याला दुपट्यात बांधावं तसा.
पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, यानं मोजनार काय?
मी म्हणालो, ध्रुवीकरण.
ती हसली. त्ये तं आमचे गावान् दर निवडनुकीला होतं.

मग बाहेरच्या पॅसेजमध्ये मी दाराच्या कडीला दोरी बांधली.
वरखाली हलवली, लाट उभी.
डावीउजवी हलवली, लाट आडवी.
कुठंतरी, अंतराला नाव देता येऊ नये इतकं लांब,
एक तारा कोसळतो
आणि काही सेकंद अशी दोरी हलवतो.
उभी, आडवी, की नुसतीच वेडीवाकडी,
एवढंच विचारायचंय.

गॅमा किरणाचा कण एका कांडीला धडकतो,
मान वळवतो, दुसरीत जाऊन पडतो.
दोन ठिणग्या. त्यांच्यामधून एक रेघ.
एका रेघेला काही अर्थ नाही.
शेकडो ओढल्या की त्या एका अंगाला दाटतात:
दोरी हलते तिच्या बरोब्बर आडव्या अंगाला.
कुंदा म्हणाली, धक्का खाल्ला का मानूस बाजूलाच जातो.
मी वहीत हेच तीन समीकरणं वापरून लिहिलं होतं.

पेटी तयार झाल्यावर फिरत्या टेबलावर ठेवली.
पंधरा अंश, पुन्हा पंधरा अंश, रात्रभर.
समोर किरणांचा एक साधा खडा,
कुठल्याच दिशेची बाजू न घेणारा.
सपाट रेघ यायला हवी होती.
आल्या चार टेकड्या, खिडकीतून पारसिक दिसावा तशा.
कल खड्याचा नव्हता. आमचा होता,
चौकोनात कांड्या मांडल्या त्याचा.
आधी हा स्वतःचा कल मोजायचा,
लिहून ठेवायचा,
आणि मग पेटी जगेल तोवर
प्रत्येक उत्तरातून तो वजा करायचा.

चार टेकड्यांत एक खळगा मात्र कशातच बसेना.
शोधत गेलो तर सदतीस नंबर. मंद.
कुंदानं काचेतून पाहिलं, लगेच ओळखलं.
त्या दिसा चिंबोरीनं आंगठा धरलेला, सायेब.
डावे हातान् गुंडाललंय. घडी पडली आसंल.

पेटी उघडायची तर दोन महिने,
आणि रॉकेट तारीख सोडून थांबत नाही.
तक्त्यात लिहिलं: सदतीस, एक्क्याऐंशी टक्के.
कारण या रकान्यात लिहिलं: गुंडाळणी.
चिंबोरी लिहायला जागा नव्हती.

पेटी वर गेली. महिने गेले.
मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी
पहाटे तीन वाजून अठरा मिनिटांनी
तिकडून दोरी हलली. साडेअकरा सेकंद.
हाती लागल्या चारशे बारा जोड्या.

आकाश वजा केलं. टेकड्या वजा केल्या. सदतीसचा मंदपणा भरून घेतला.
उरलं ते थरथरतं:
थोडं उभं वाटावं, आणि पुन्हा मोजलं की वाटू नये.
सात जणांच्या सह्यांनी आम्ही लिहिलं की
यापेक्षा जास्त नसावं. किती आहे, ते लिहिलं नाही.

कुंदाचा उपास होता. हातात केळं.
मंग कंच्या अंगाला हालत होती दोरी?
सांगता येत नाही, मी म्हणालो.
ती थोडा वेळ काही बोलली नाही.
आन् माजी सदतीस नंबर?

मी यादी उघडली, बोट फिरवत खाली आलो.
नऊ ठिणग्या.

केळं टेबलावर ठेवून तिनं दोन्ही हात समोर धरले
आणि मोजल्या,
उजवा अंगठा मुडपून.